गोचीड, सोमल आणि वशिंड

लॅटिन भाषेत गोचिडीला 'रिकिनुस' म्हणत, आणि एरंडाची ठिपकेदार, टपोरी बी रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडीसारखी दिसते म्हणून त्या झुडपालाही रोमन लोकांनी तेच नाव दिले. पुढे अठराव्या शतकात लिनीयसने वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरवली, तेव्हा एरंडाच्या नावात ही गोचीड कायमची जाऊन बसली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकाने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात लोकर कातरल्यावर मेंढ्यांच्या अंगाला ऑलिव्हच्या तेलाखालचा गाळ, ल्युपिन या कडधान्याचा काढा आणि द्राक्षमद्याचा साका समभाग मिसळून चोळावा, म्हणजे खरूज होत नाही आणि गोचिडीही त्रास देत नाहीत, असे सांगितले आहे. मराठी मुलखात तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायात कासेला चिकटूनही दुधाला पारख्या राहणाऱ्या गोचिडीचा दृष्टान्त दिला, तो श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नसेल, कारण गुरे राखणाऱ्या समाजात हे दृश्य रोजच्या पाहण्यातले होते. मात्र केटोचा काळ असो की ज्ञानेश्वरांचा, गोचीड ही रक्त पिणारी, अंगाला खाज आणणारी, जनावर रोडवणारी पीडा एवढीच तिची ओळख होती. ती एका जनावराच्या रक्तातील मरण दुसऱ्या जनावराच्या रक्तात नेऊन सोडते, हे प्रयोगाने सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. ते ज्ञान अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका गुरांच्या रोगामुळे हाती आले, आणि गोचिडींविरुद्ध माणसाने पुढे जे काही केले त्याची बरीचशी बरी-वाईट वळणे त्या एकाच रोगाच्या इतिहासात सापडतात.

गोचीड हा कीटक नाही. कोळी आणि विंचू ज्या अष्टपाद वर्गात मोडतात त्याच वर्गातील ती आहे, म्हणून पूर्ण वाढ झालेल्या गोचिडीला आठ पाय असतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच असतात. हे पिलू गवताच्या पात्याच्या टोकाशी चढून पुढचे पाय पसरून वाट पाहते, जवळून जाणाऱ्या जनावराच्या अंगावर चढते, आणि कानाच्या आत, मानेखालच्या पोळीला, कासेभोवती, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा शेपटीच्या मुळाशी, म्हणजे जिथे कातडी मऊ आहे आणि जनावराची जीभ किंवा शेपूट सहज पोहोचत नाही अशा जागी तोंड रोवते. काही जाती पिलू, कुमार आणि प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढतात, त्यांना एकाश्रयी म्हणतात. काही जाती प्रत्येक अवस्थेनंतर खाली पडून, कात टाकून नवे जनावर शोधतात, त्या त्र्याश्रयी होत. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटतो, परंतु एखाद्या देशात गोचिडींचा नायनाट झाला आणि दुसऱ्या देशात तो कधीच साधला नाही, याचे उत्तर पुष्कळदा याच भेदात दडलेले असते.

१७९६ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर येथे कॅरोलायनाकडून गुरांचा एक कळप विक्रीसाठी आला आणि काही आठवड्यांनी त्या परिसरातील स्थानिक गुरे मरू लागली. फिलाडेल्फियाचे एक डॉक्टर जेम्स मीज यांनी १८१४ मध्ये या रोगाची हकिकत मांडली, तेव्हा त्यांनी जी गोष्ट विशेष म्हणून नोंदवली ती पुढे पाऊणशे वर्षे कोडे बनून राहिली: दक्षिणेकडून आलेली गुरे स्वतः निरोगी दिसत, रवंथ करीत, चरत, आणि तरीही त्यांच्याबरोबर चरलेली उत्तरेची गुरे तापाने फणफणून, लघवी तांबडी होऊन, आठ-दहा दिवसांत मरत. पिढ्यानपिढ्या ज्याची भीती होती त्या बुळकांडी रोगाची रीत याच्या अगदी उलट होती. तिथे आजारी जनावर दिसे आणि त्याच्या संसर्गाने दुसरे आजारी पडे. इथे मात्र दिसायला धडधाकट जनावरच मृत्यू घेऊन येई. त्यातही विचित्र असे की, दक्षिणेची गुरे वाटेवरून निघून गेल्यानंतर महिनाभराने त्या वाटेवरचे गवत खाणारी गुरे मरत, आणि थंडीचे पहिले हिमतुषार पडले की रोग आपोआप थांबे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तेव्हा टेक्सासच्या माळांवर लांब शिंगांची लाखो गुरे माणसांच्या देखरेखीवाचून वाढलेली होती आणि उत्तरेच्या शहरांत मांसाला भाव होता, त्यामुळे हे कळप शेकडो मैल हाकत रेल्वेच्या टोकापर्यंत नेण्याचा मोठा व्यापार उभा राहिला. १८६७ पासून कॅन्ससमधील ॲबिलीन हे त्याचे पहिले प्रसिद्ध केंद्र बनले. परंतु या व्यापाराच्या आधीपासूनच, १८५० च्या दशकातच, मिझुरीच्या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन टेक्सासच्या कळपांना सीमेवरून परतवायला सुरुवात केली होती, आणि रोगाला 'टेक्सास ज्वर' हे नाव मिळाले ते याच भांडणातून. १८६८ च्या उन्हाळ्यात टेक्सासची गुरे आगबोटीने मिसिसिपी नदीतून इलिनॉयमध्ये आणली गेली आणि त्या राज्यातील गुरे हजारोंनी मेली, तेव्हा सरकारने ब्रिटिश पशुवैद्य जॉन गॅमजी यांना चौकशीसाठी नेमले. गुराख्यांत आणि शेतकऱ्यांत त्या वेळी एक मत पसरलेले होते की हा रोग गोचिडी आणतात, कारण टेक्सासच्या गुरांच्या अंगावर त्या लगडलेल्या असत आणि मेलेल्या उत्तरेच्या गुरांच्या अंगावरही त्या सापडत. गॅमजी यांनी हे मत तपासण्याजोगेही मानले नाही. ते नामांकित तज्ज्ञ होते आणि त्यांच्या काळाच्या शास्त्राला एक प्राणी दुसऱ्याच्या रक्तातील रोग वाहून नेतो ही कल्पनाच माहीत नव्हती, हे खरे. तरीही ज्यांनी आयुष्य गुरांमागे घालवले त्यांचे निरीक्षण बाजूला सारल्यामुळे वीस वर्षे वाया गेली, हेही तितकेच खरे आहे.

१८८४ मध्ये अमेरिकी सरकारने पशुउद्योग विभाग स्थापन केला आणि डॅनियल साल्मन हे त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी पहिले काम केले ते नकाशाचे: कोणत्या भागातील गुरे बाहेर गेली की रोग पसरतो हे गावोगाव विचारून त्यांनी रोगाच्या कायम वस्तीची सीमारेषा आखली, आणि ती रेषा गोचिडींच्या वस्तीच्या सीमेशी जुळते हे हळूहळू स्पष्ट झाले. वॉशिंग्टन शहराच्या कडेला असलेल्या विभागाच्या प्रयोगक्षेत्रावर १८८९ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाहून गोचिडींनी भरलेली सात गुरे आणली गेली. प्रयोगाची मांडणी फ्रेड किलबोर्न या पशुवैद्याच्या डोक्यातून निघाली होती आणि तिचा साधेपणा आजही मन थक्क करतो. एका कुंपणात दक्षिणेची गुरे त्यांच्या अंगावरच्या गोचिडींसह उत्तरेच्या निरोगी गुरांबरोबर सोडली. दुसऱ्या कुंपणात तशीच गुरे सोडली, पण त्यांच्या अंगावरची एकेक गोचीड हाताने वेचून काढून. आणि तिसऱ्या कुंपणात दक्षिणेचे एकही जनावर न आणता गवतात केवळ गोचिडी टाकल्या. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणातील गुरे आजारी पडली, दुसऱ्यातील पडली नाहीत. मराठवाड्यातील किंवा सौराष्ट्रातील कोणतीही गवळण सकाळच्या उन्हात बसून जे काम करीत आली आहे, ते हाताने गोचिडी वेचण्याचे काम इथे शास्त्रीय पुराव्याचे साधन झाले, आणि या एका उन्हाळ्यात सत्तर-ऐंशी वर्षांचे कोडे अर्धे सुटले.

उरलेले अर्धे कोडे थिओबाल्ड स्मिथ या तिशीतील डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली सोडवले. मेलेल्या गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत त्यांना नासपतीच्या आकाराचे, जोडीजोडीने राहणारे सूक्ष्म जीव दिसले. हे जीवाणू नव्हते, हिवतापाच्या परोपजीवीप्रमाणे एकपेशीय आदिजीव होते, आणि ते पेशी फोडून बाहेर पडत म्हणून रक्ताचा रंग लघवीत उतरे. रुमानियात व्हिक्टर बाबेश यांना १८८८ मध्ये गुरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते, त्यामुळे पुढे या गटाला 'बाबेसिया' हे नाव मिळाले. तथापि स्मिथ यांना सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट निराळीच होती. ही गोचीड एकाश्रयी आहे, ती एका जनावरावर चढली की तिथेच वाढते आणि रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालून मरते. मग ती रोग दुसऱ्या जनावरापर्यंत नेते कशी? १८९० मध्ये प्रयोगशाळेत उबवलेली पिले, ज्यांनी कधी कोणत्याही जनावराचे रक्त चाखले नव्हते, ती निरोगी गाईच्या अंगावर सोडली आणि गाय आजारी पडली. रोग आईच्या शरीरातून अंड्यात आणि अंड्यातून पिलात उतरत होता. कळप निघून गेल्यावर महिनाभराने वाटेवर मरण का उभे राहते, याचे उत्तर अंडी उबायला लागणाऱ्या काळात होते, आणि हिमतुषारांनी रोग का थांबतो याचेही. या संशोधनाचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या शरीरात हत्तीरोगाचे जंतू वाढताना त्याआधी पाहिले होते. परंतु संधिपाद प्राणी आदिजीवजन्य रोग वाहून नेतो हे प्रयोगाने सिद्ध करणारे हे पहिले काम होय, आणि रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी सापडले ते त्यानंतर चार वर्षांनी. गोचिडीचा संपूर्ण जीवनक्रम उलगडून दाखवणारे कूपर कर्टिस आणि कुंपणांची कल्पना काढणारे किलबोर्न यांची नावे स्मिथ यांच्या नावामागे झाकली गेली, याची खंत त्या दोघांनाही होती आणि ती अकारण नव्हती.

या शोधाने आणखी एक गोष्ट उघड केली, जिचे महत्त्व लोकांना पुष्कळ उशिरा पटले. दक्षिणेची गुरे निरोगी दिसत, कारण त्यांना वासरू असतानाच गोचिडी चावत. कोवळ्या वयात हा रोग सौम्य असतो, वासरू त्यातून बरे होते, आणि पुढे आयुष्यभर रक्तात थोडे परोपजीवी बाळगूनही त्याला बाधा होत नाही. गोचीड, परोपजीवी आणि गाय यांच्यातील या तडजोडीला शास्त्रज्ञ पुढे स्थानिक समतोल म्हणू लागले. हा समतोल जोवर टिकतो तोवर रोग जवळजवळ अदृश्य असतो. बाहेरची, अननुभवी गुरे आत आणली, किंवा आतल्या वासरांना गोचीड चावणेच थांबले, की तो ढासळतो.

रोगाचा वाहक कळल्यावर अमेरिकेने तडजोडीचा विचार न करता नायनाटाचा मार्ग धरला. टेक्सासमधील प्रसिद्ध किंग रँचवर १८९० च्या दशकात गुरांना औषधी पाण्यातून पोहत नेण्याचे हौद बांधून पाहिले गेले आणि त्यात खनिज तेलापासून नाना द्रव्ये वापरून झाली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १८९५ च्या सुमारास सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, वापरला गेला आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगभर तोच चालला. पाण्यात सोमल, धुण्याचा सोडा आणि चीडाच्या झाडाचे डांबर मिसळून भरलेला लांबट, अरुंद, माणसाच्या उंचीएवढा खोल हौद, एका टोकाला घसरती उडी आणि दुसऱ्या टोकाला चढण, अशी ही रचना असे. गाय उडी घेई, डोक्यासकट बुडे, पोहत पलीकडे निघे आणि अंगावरून निथळणारे विषारी पाणी पुन्हा हौदात जावे म्हणून उतरत्या फरशीवर उभी राही. ही गोचीड सुमारे तीन आठवडे जनावराच्या अंगावर असते, म्हणून दर दोन आठवड्यांनी सर्व गुरे बुडवली तर एकही मादी पोट भरून खाली पडू शकत नाही, आणि गवतात आधीच असलेली पिले एक तर बुडवलेल्या गुरांवर चढून मरतात किंवा उपाशी मरतात, हे या योजनेचे साधे आणि भक्कम गणित होते. काही ठिकाणी सोमलाऐवजी निव्वळ काळ वापरला गेला, म्हणजे कुरण काही महिने पूर्ण मोकळे ठेवून पिलांची उपासमार केली गेली. १९०६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या कामासाठी ८२,५०० डॉलर मंजूर केले आणि पंधरा राज्यांतील सुमारे सात लाख चौरस मैलांवर मोहीम सुरू झाली. १९४३ मध्ये, रिओ ग्रांदे नदीकाठचा मेक्सिकोच्या सीमेवरील सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा एक चिंचोळा पट्टा वगळता, देश गोचीडज्वरापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. घोड्यावर बसून तो पट्टा राखणारे आणि नदी ओलांडून आलेली भटकी गुरे पकडणारे सरकारी स्वार आजही नोकरीत आहेत.

हे यश खरे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु त्याची किंमत कोणी दिली हेही नोंदवायला हवे. मोठ्या कुरणांच्या मालकांना उत्तरेची बाजारपेठ खुली होत होती; जॉर्जिया, मिसिसिपी, अर्कान्सासच्या डोंगराळ भागात चार-सहा गुरे मोकळ्या रानात सोडून घरापुरते दूध-मांस मिळवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्या बाजारपेठेचा काहीच उपयोग नव्हता. त्याची गुरे आधीच रोगाला सरावलेली होती, त्याला रोगही दिसत नव्हता, आणि तरीही दर पंधरवड्याला रानातून गुरे गोळा करून मैलोगणती हाकत हौदापर्यंत न्यायची, गाभण गाय दगावली तर सोसायचे, आणि न नेल्यास दंड किंवा जप्ती, असे त्याच्या वाट्याला आले. ठिकठिकाणी हौद सुरुंगाने उडवले गेले, सरकारी निरीक्षकांवर गोळीबार झाले, काही मारलेही गेले. फ्लोरिडात दुसऱ्या एका जातीची, मुळात दक्षिण आशियातील, गोचीड हरणांवरही जगते असे आढळल्यावर १९३० च्या दशकात हजारो हरणांची शिकार करवण्यात आली. त्या एका राज्यात तीन हजारांहून अधिक हौद बांधले गेले होते. काम संपल्यावर त्यांतील पाणी जवळच्या जमिनीत सोडले गेले किंवा हौद नुसते बुजवले गेले, आणि सोमल मातीत नाहीसा होत नसल्यामुळे जुन्या हौदांच्या जागा शोधून त्यांची माती व विहिरी तपासण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर येऊन पडले.

आफ्रिकेत हीच पद्धत गेली आणि तिथे तिचे दुसरे रूप दिसले. १९०१-०२ मध्ये पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुरांबरोबर दक्षिणेत पूर्वकिनारी ज्वर नावाचा नवा रोग शिरला. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना त्यासाठी बुलावायोला बोलावले गेले. रोगाचे खरे स्वरूप मात्र अर्नोल्ड थायलर या स्विस पशुवैद्यांनी आणि चार्ल्स लाऊन्सबरी या कीटकशास्त्रज्ञांनी उलगडले, आणि त्याच्या परोपजीवीला थायलर यांच्यावरून 'थायलेरिया' हे नाव पडले. कानात बसणारी तपकिरी गोचीड तो पसरवते. ती त्र्याश्रयी असल्यामुळे काही दिवसांत पोट भरून खाली पडते, म्हणून इथे पंधरवड्याची बुडवण पुरत नसे, पाच-सात दिवसांनी गुरे हौदात घालावी लागत. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, ही सक्ती साठ-सत्तर वर्षे चालली आणि गुरांच्या तिथल्या पिढ्या गोचिडीच्या चाव्याशिवाय वाढल्या. १९७० च्या दशकातील स्वातंत्र्ययुद्धात ग्रामीण भागातील बुडवण बंद पडली, तेव्हा रोगाची ओळखच नसलेली गुरे गोचिडींना एकदम सापडली आणि सुमारे दहा लाख जनावरे मेली. समतोल मोडून त्या जागी विष ठेवले तर त्या विषाचा पुरवठा एक हंगामही खंडित होऊन चालत नाही, याचा इतका भयंकर पुरावा दुसरा नाही.

विषाचा पुरवठा अखंड राहिला तरी गोचीड बदलते. सोमलाला दाद न देणाऱ्या गोचिडी ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकातच आढळल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले डीडीटी दहा वर्षे टिकले. त्यानंतर सेंद्रिय फॉस्फरसची औषधे, ॲमिट्राझ, कृत्रिम पायरेथ्रॉइड आणि आयव्हरमेक्टिन या प्रत्येकाच्या बाबतीत कमी-अधिक वर्षांनी तेच घडले. १९९० च्या दशकात क्यूबा आणि ऑस्ट्रेलियात गोचिडीच्या आतड्यातील एका प्रथिनापासून लस तयार झाली, जी टोचलेल्या गाईचे रक्त प्यायल्यावर गोचिडीचेच आतडे निकामी होते. कल्पना फार सुंदर, पण सर्व जातींवर आणि सर्व देशांत ती सारखी लागू पडली नाही.

या सर्व काळात एक उपाय चार पायांवर चालत जगभर फिरत होता, आणि तो भारतातून निघाला होता. वशिंड असलेल्या भारतीय वंशाच्या गुरांवर गोचिडी कमी जगतात: त्यांची कातडी आणि रक्त चाव्याला लवकर ओळखते, चाव्याच्या जागी खाज येते, जनावर चाटून-घासून पिले पाडते, आणि चढलेल्या पिलांपैकी फारच थोडी वाढ पूर्ण करतात. युरोपीय वंशाच्या गाईतही हा गुण असतो, परंतु पुष्कळ कमी, कारण ज्या गोचिडीने पुढे अर्धे जग व्यापले ती मुळात दक्षिण आणि आग्नेय आशियातील असून वशिंडाची गुरे तिच्या सहवासात हजारो वर्षे वाढली आहेत. १८७२ मध्ये बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, वशिंडाची बारा गुरे ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरात उतरवली गेली, त्यांच्याच अंगावरून ही गोचीड त्या खंडात पोहोचली असे मानले जाते. आणि १९३३ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियाने तिच्यावर उतारा म्हणून अमेरिकेतून वशिंडाची गुरे आणवली, ज्यांच्या संकरातून उत्तर ऑस्ट्रेलियाचे सारे पशुपालन पालटले.

अमेरिकेतील त्या 'ब्राह्मण' गुरांचा उगम १८५४ ते १९२६ या काळात आणलेल्या तीनशेहून कमी जनावरांत आहे. त्यांतील एक महत्त्वाची खरेदी १९०६ ची, म्हणजे नायनाटाच्या मोहिमेला पैसे मंजूर झाले त्याच वर्षाची: टेक्सासच्या पिअर्स रँचचे लोक भारतात येऊन गुरे निवडून घेऊन गेले, न्यूयॉर्क बंदरात त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात सर्रा रोग आढळल्यामुळे ती मारली गेली, आणि उरलेली गुरे दक्षिणेत पोहोचली. या वंशाच्या घडणीत कांक्रेज, गीर आणि ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या गुरांचेही नाव घेतले जाते. हे गुरांचे वाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी कृष्णेच्या काळ्या, चिकट जमिनीत ओढकाम करण्यासाठी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून घडवले होते. आज त्याची शुद्ध जनावरे शोधावी लागतात, आणि त्याच्या रक्ताचा अंश मात्र टेक्सासच्या कुरणांत चरतो आहे. ब्राझीलने ओंगोल गुरांना नेल्लोर जिल्ह्यावरून 'नेलोरे' म्हटले, कांक्रेजला गुजरातवरून 'गुझेरा' म्हटले, आणि आपला मांसाचा सारा व्यवसाय त्यांच्यावर उभारला. ब्राझीलला निघालेल्या अशाच एका भारतीय कळपाने १९२० मध्ये अँटवर्प बंदरातून बेल्जियममध्ये बुळकांडी पसरवली, आणि त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिसमध्ये जन्माला आली.

भारतात स्वतः मात्र गोचिडीचा प्रश्न फार काळ प्रश्न म्हणून मांडलाच गेला नाही. स्मिथ आणि किलबोर्न वॉशिंग्टनजवळ कुंपणे घालत होते त्याच १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, जी चार वर्षांनी कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली; तिच्यासमोरचा शत्रू बुळकांडी हा होता, आणि गावोगावची गुरे आडवी करणाऱ्या त्या रोगापुढे गोचिडीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी या गुरांनी गोचीडज्वराशी केव्हाच तडजोड केलेली होती. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात वाढणाऱ्या डांगी गुरांच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो आणि तो पावसापासून त्यांचे रक्षण करतो, असे त्यांचे पाळणारे सांगतात. करंजाचे किंवा कडुलिंबाचे तेल चोळणे, तंबाखूच्या पाण्याने अंग पुसणे, गोठ्याच्या भिंती सारवून भेगा बुजवणे, चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर बगळ्या-साळुंक्यांना बसू देणे, एवढ्यावर भागत असे.

ही स्थिती पालटली ती दुधासाठी परदेशी रक्त आणल्यावर. १९६० च्या दशकापासून जर्सी आणि होल्स्टीन वळूंच्या वीर्याने संकराची चळवळ वाढली, महाराष्ट्रात उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने ती शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली, आणि गावातील गरीब कुटुंबाच्या हाती दुधाचा रोख पैसा आला. हा लाभ मोठा होता आणि आहे. परंतु संकरित गाय टेक्सासमध्ये आलेल्या उत्तरेच्या गाईसारखी होती: तिच्या रक्तात तडजोडीचा इतिहास नव्हता. गोठ्याच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत दबा धरून राहणारी गोचीड तिला चावली की थायलेरियाची भारतात आढळणारी जात तिच्या पांढऱ्या पेशींत शिरे, खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या गाठी सुजत, ताप १०५-१०६ अंशांवर जाई, आणि कर्ज काढून घेतलेली दुभती गाय पंधरा दिवसांत जाई. मराठी शेतकरी ज्याला सरसकट 'गोचीडताप' म्हणतो, तो पुष्कळदा हाच रोग असतो. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयत्नांतून, परोपजीवीने ग्रासलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून व निष्प्रभ करून, त्याची जिवंत लस 'रक्षावॅक-टी' या नावाने तयार झाली. ती द्रवरूप नायट्रोजनच्या अतिथंड भांड्यातून न्यावी लागते आणि बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात टोचावी लागते, त्यामुळे जिथे डांबरी रस्ता आणि पशुवैद्य दोन्ही दूर आहेत त्या वाडीपर्यंत ती पोहोचणे कठीण पडले, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या हाती कृषीसेवा केंद्रातील फवाऱ्याची बाटलीच राहिली, तीही पुष्कळदा चुकीच्या प्रमाणात कालवलेली, आणि गाईच्या अंगावर मारली तरी गोठ्याच्या भेगांत न मारलेली.

टेक्सासच्या नदीकाठच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर अलीकडे आणखी एक भारतीय प्राणी येऊन दाखल झाला आहे. १९२० च्या दशकापासून पुढे, हौदांचे आद्य प्रयोग जिथे झाले त्या किंग रँचवरच, शिकारीसाठी म्हणून प्राणिसंग्रहालयांतून नीलगाई आणून सोडल्या गेल्या. विदर्भातील शेतकरी जिला रोही म्हणतो आणि रात्र जागून जिच्यापासून हरभरा राखतो, ती तिथे हजारोंनी वाढली आहे, कुंपणांना जुमानत नाही, नदीही ओलांडते, आणि तिच्या अंगावर गुरांची गोचीड जगते. तिला हाकून हौदात घालता येत नाही, आणि फ्लोरिडातल्या हरणांसारखी सरसकट मारताही येत नाही. मग संशोधकांनी तिच्या एका सवयीचा आधार घेतला: रोही पुन्हा पुन्हा ठरावीक जागी येऊन लेंड्या टाकते. त्या जागांजवळ त्यांनी प्राण्याच्या चाहुलीने आपोआप सुरू होणारे फवारे बसवून पाहिले आहेत, आणि त्या फवाऱ्यांत विष नाही. पाण्यात सोडलेले, गोचिडीच्या शरीरात शिरून तिला मारणारे, मातीतले सूक्ष्म सूत्रकृमी आहेत.